रजेचे कारण

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला सुट्टी असते, सहल नसते. वर्षाच्या रजेचे दिवस हाती येतात तेव्हा त्यांचे वाटप आधीच होऊन गेलेले असते. चार दिवस भाचीच्या लग्नाचे, तीन वडिलांच्या श्राद्धाचे, दोन गावाकडच्या घराची कौले चाळून घेण्याचे. आणि त्यातूनही काही उरलेच, तर कोणाचे तरी आजारपण त्यांची वाट पाहत उभे असते. रायपूरसारख्या गावी वीस-बावीस वर्षे संसार केलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला विचारून पाहावे, की तुम्ही दोघेच, केवळ हवापालटासाठी, आपल्या मुलखात कधी गेला होतात काय? पतिपत्नी क्षणभर एकमेकांकडे पाहतील आणि मग चहाचे निमित्त करून त्यांतले एक जण आत निघून जाईल.

आमचाही संसार या नियमाला अपवाद नव्हता. फरक पडला तो २०२६ च्या दिनदर्शिकेमुळे. जोडून येणाऱ्या सुट्ट्या शोधण्याची दृष्टी नोकरदार माणसाला आपोआप येते. पण सरकारी अधिकाऱ्याची त्यातही एक अडचण असते. या वर्षी २६ जानेवारी सोमवारी आली खरी. परंतु ज्या दिवशी ध्वजवंदनाला उभे राहायचे, त्या दिवशी गाव सोडून जायचे कसे? १५ ऑगस्टचीही तीच कथा. आमच्या सौ.चे बोट पुढे सरकत सरकत १ मे या तारखेवर थांबले. शुक्रवार. महाराष्ट्र दिनाची सुट्टी छत्तीसगडात कोण देणार? पण त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा आली होती. मराठी राज्याच्या वाढदिवसाची सुट्टी मराठी माणसाला भगवान बुद्धाच्या कृपेने मिळावी, हा योगायोग आम्हाला शुभसूचक वाटला.

शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस झाले. त्यांच्या अलीकडचा गुरुवार आणि पलीकडचा सोमवार नैमित्तिक रजेत घालावयाचा. केंद्र सरकार वर्षाला आठ नैमित्तिक रजा देते, त्यांपैकी दोन खर्ची पडणार. प्रश्न राहिला तो जागेचा.

जवळच्या जागा नव्हत्या असे नाही. सरगुज्यातले मैनपाट हे आमच्याच राज्यातले थंड ठिकाण. १९६२ पासून तेथे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. पचमढी तर आमच्या खात्यातल्या वडीलधाऱ्यांची जुनी ओळखीची. रायपूर ज्या मध्यप्रांतात होते, त्याचे सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला मुक्काम हलवीत असे. वऱ्हाडातला चिखलदराही होता. सातपुड्याची हवा, कॉफीचे मळे आणि समोर गाविलगड. आम्ही हे सारे पर्याय एका कागदावर मांडले. सौ.नी तो कागद शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "अहो, पण सह्याद्री यात कुठे आहे?"

त्या वाईच्या. म्हणजे सासर वाईचे. आणि लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी घराच्या माडीवरून पाचगणीचा डोंगर रोज पाहिला होता. दर सुट्टीत वाईला जाणे झाले. कृष्णेच्या घाटावर दिवे सोडले, रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीला मोदक झाले, विश्वकोशाच्या कचेरीवरून येजा झाली. पण पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरी राहावे, हे कधी जमले नाही. बत्तीस-तेहतीस किलोमीटरांचे ते अंतर! रायपूरहून हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आलेली माणसे त्या शेवटच्या बत्तीसांपाशी थांबत आली. कारण वाईला पोचले, की माणूस प्रवासी राहत नाही, तो धाकटा भाऊ होतो, धाकटी सून होते. सूनबाई माहेरवाशिणींची पाने वाढण्यात गुंततात, धाकटे बंधू तलाठ्याच्या चावडीत उतारा काढण्यासाठी बसतात आणि डोंगर माडीच्या खिडकीत जेथल्या तेथे उभा राहतो.

सरकारी भाषेत याला स्वग्राम म्हणतात. नोकरीत शिरताना सेवापुस्तकात आपले गाव लिहून द्यावे लागते. ते एकदा लिहिले, की साऱ्या नोकरीत फार तर एकदाच, आणि तेही सबळ कारण दाखवून, बदलता येते. त्या गावी जाण्यायेण्याचे भाडे ठरावीक वर्षांनी सरकार देते. सवलत मोठी आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. पण सरकारने भाडे दिलेल्या प्रवासात कर्तव्याचा वास येतो. या वेळी आम्ही ठरविले, की स्वग्रामाची सवलत घ्यायची नाही. पदरचे पैसे खर्चून, स्वग्रामाच्या वेशीवरून, वर जायचे.

हे ठरविणे सोपे होते, पचविणे अवघड. पुण्याहून महाबळेश्वरचा रस्ता वाईवरूनच जातो. दादा आणि वहिनी तेथे आहेत. त्यांच्या दारावरून मोटार पुढे काढायची आणि डोंगरावर जाऊन भाड्याच्या खोलीत राहायचे, याला आमच्या घरच्या कोशात शब्द नव्हता. या गोष्टीने आठ दिवस आमची झोप पातळ केली. रायपुरात तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत अशी मराठी घराणी आहेत, की जी नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर असल्यापासून येथली झाली. तो अंमल १८५४ मध्ये संपला, ही माणसे मात्र राहिली. त्यांचे महाराष्ट्रात आता ना घर, ना भाऊबंद. ती मंडळी दिवाळीनंतर गणपतीपुळ्याला जातात, कोल्हापूरला जातात, हॉटेलात उतरतात आणि फोटो काढून परत येतात. त्यांचा हेवा करावा की कीव, हे आम्हाला पूर्वी ठरविता येत नसे. आता कळले, की त्यांना सहल मिळते ती गाव गमावण्याच्या मोलाने. आम्हाला गाव राखून सहल हवी होती.

थंड हवेच्या गावांचा इतिहासही या बाबतीत विचार करण्यासारखा आहे. १८२४ मध्ये जनरल लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढला. पुढे १८२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ती जागा मिळविली आणि तेथे वसलेल्या पेठेला माल्कम पेठ हे नाव पडले. हे सारे कोण होते? घरापासून दूर नेमणूक झालेले अधिकारीच. घर गाठता येत नाही म्हणून त्यांनी घरासारखी हवा असलेला डोंगर शोधला. आमचे नेमके उलटे. आम्हाला घर गाठता येते, म्हणूनच डोंगर गाठता आला नाही.

बेत पक्का होऊ लागला तसा आम्ही एक तक्ता तयार केला. पहाटे विल्सन पॉइंटावर सूर्योदय. मग आर्थर सीट. दुपारी वेण्णा तलाव. दुसऱ्या दिवशी प्रतापगड, परतताना पाचगणीचे टेबललँड. प्रत्येकापुढे वेळ, अंतर आणि शेरा. सौ.नी तक्ता पाहिला आणि विचारले, "हा दौरा कार्यक्रम कोणत्या साहेबांचा?" मग त्यांनी पेन्सिल घेतली. एकेक ओळ खोडली गेली. अखेर दोनच गोष्टी उरल्या: एक दिवस सकाळी क्षेत्र महाबळेश्वर, आणि एक अख्खी दुपार व्हरांड्यात, काहीही न करता. मे महिना म्हणजे करवंदांचे दिवस. स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आलेला असेल, तरी एखादी टोपली मिळेल. रायपुरात तेव्हा पारा बेचाळीसच्या पुढे असणार. तेथे व्हरांड्यात शाल लागली तर लागली.

क्षेत्र महाबळेश्वर त्यांनी का ठेवले, हे आम्ही विचारले नाही. आम्हाला ते ठाऊक होते. तेथल्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री. त्यांतली सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि थोडक्यात कोकणचा समुद्र गाठते. कृष्णेपासूनही तो समुद्र काही दूर नाही. उगमापासून जेमतेम पासष्ट किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरविते, वाईला घाट बांधून घेते आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र अशी परक्या भाषांतून चौदाशे किलोमीटर चालत पूर्वसागराला मिळते. आमच्या छत्तीसगडची महानदी सिहाव्याच्या डोंगरातून निघते, तीही त्याच सागराला. एकाच घरात जन्मलेल्या भावांपैकी एकाने गावी राहावे आणि दुसऱ्याची बदली पूर्वेला व्हावी, यात कोणाचे उणे, कोणाचे अधिक? उताराने ठरविलेल्या गोष्टी त्या. परंतु पूर्वेला गेलेल्या पाण्याला एकदा तरी उगमापाशी उभे राहावेसे वाटले, तर ते कोणी नाकारू नये.

हेच बळ धरून आम्ही अखेर वाईला दूरध्वनी केला. लपवून जावे, असा विचार क्षणभर मनात आला होता. पण वाईच्या गणपती घाटावर ओळखीचे कोणी भेटणार नाही, असे कधी झाले आहे? दादांना सरळ सांगितले: येत आहोत, पण राहायला वर जाणार. रविवारी उतरताना दुपारचे पान तुमच्याकडे. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग दादा म्हणाले, "साठ वर्षे या डोंगराखाली आहे मी. पाहुण्यांना घेऊन वर शंभरदा गेलो असेन. रात्र काढली नाही कधी." त्यांच्या हातून फोन वहिनींनी घेतला. आम्हाला वाटले, आता खरी परीक्षा. वहिनी सौ.ना म्हणाल्या, "जाताना खाली थांबूच नका. थांबलात, की दोन तास मोडतील. शुक्रवारी ह्यांना स्टँडवर डबा देऊन पाठवते. हातात घ्या आणि पुढे जा." थोडे थांबून त्यांनी हळूच विचारले, की खोलीचे भाडे किती पडते.

सौ.नी फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दिवाळीनंतर आपण वाईला गेलो, की घर आपण सांभाळू दोन दिवस. त्या दोघांना वर पाठवू." खोली त्यांच्यासाठी आपणच ठरवायची, हेही तेव्हाच ठरले. आठ दिवसांचे ओझे त्या एका वाक्याने उतरले.

पुढची कामे मग भराभर झाली. आगगाडीचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी खुले होते. ३० एप्रिलच्या गाडीची तारीख १ मार्चला आली. रविवार असल्याने सकाळी आठ वाजता घड्याळासमोर बसून आझाद हिंद एक्सप्रेसच्या दोन जागा मिळविता आल्या. ३ मेच्या परतीच्या जागांचा दिवस ४ मार्च, म्हणजे नेमकी धुळवड. त्या तिकिटांचे पैसे गुलालाच्या बोटांनी भरले गेले. आम्ही हिशेब केला. गुरुवारी घर सोडल्यापासून सोमवारी घरी येईपर्यंत सुमारे शंभर तास. त्यांतले चाळीस-बेचाळीस आगगाडीत, चौदा-पंधरा रस्त्यात, फलाटावर आणि वाईच्या पानावर. डोंगरावरचे उरतात ते जेमतेम चव्वेचाळीस. बावीस वर्षांच्या संसारात चव्वेचाळीस तास. वर्षाला दोन पडले. व्यवहार वाईट नाही.

राहता राहिला रजेचा अर्ज. मुख्यालय सोडण्याची परवानगी, सुट्टीतला पत्ता, कामाची सोपवणूक, हे रकाने भरून झाले आणि लेखणी 'रजेचे कारण' या शब्दांपाशी अडली. इतकी वर्षे तेथे आम्ही 'घरगुती काम' असे लिहीत आलो. कधी ते लग्न होते, कधी श्राद्ध, कधी जमिनीची मोजणी. आता काय लिहावे? 'सहल' लिहिले तर वरिष्ठ हसतील. 'विश्रांती' लिहिले तर प्रकृतीची चौकशी होईल. आम्ही सौ.ना विचारले. त्या प्रवासाच्या पिशवीत शाल घडी करून ठेवीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरगुती काम असेच लिहा. या खेपेला ते अगदी खरे आहे."

आम्ही तेच शब्द लिहिले आणि खाली सही केली.