औंढ्याचा नागनाथ आणि मेलुहाचा नीलकंठ

औंढा नागनाथ

चि. बेबी,

तुझं पत्र परवा मिळालं. तू विचारलंस एवढंच, की अमीशच्या शिवावरच्या कादंबरीचे तिन्ही भाग वाचून झाले का आणि पोराला तिसरा देऊ का. पण जाता जाता खाली लिहिलंस, ‘मामा, औंढ्यात कधी कळला नाही तो शंकर मला अमीशनं समजावला.’ तेव्हापासून मनाला चैन नाही. औंढ्याला आजोळ असलेल्या पोरीनं हे लिहावं?

आधी चांगलं सांगतो. 2010 चा तो पहिला भाग मला खाली ठेववला नाही. तिबेटातून आपली टोळी घेऊन आलेला, चिलीम ओढणारा, स्वतःला देव म्हणवून घ्यायला कचरणारा शिव मला फार आवडला. सतीला विकर्म, म्हणजे अस्पृश्य, ठरवणारा कायदाच तो मोडीत काढतो. आणि ते नाग! अंगात व्यंग घेऊन जन्मले म्हणून नर्मदेपलीकडे हाकललेली माणसं. दुसऱ्या भागात, जन्मतःच गेला म्हणून सांगितलेला मुलगा सतीसमोर उभा राहतो, तो गणेश, तिथं मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो. नागनाथाच्या गावात जन्म गेला, पण नागांचा असा विचार कधी सुचला नव्हता. हे ऋण मी मानतो.

पण पुढं काय होतं बघ. सोमरस म्हणजे आयुष्य वाढवणारं औषध. शिवाचा गळा निळा झाला तो त्यानं, नागांचं व्यंग त्यानं, सरस्वती आटली ती ते औषध करण्यात, ब्रंगांच्या देशात रोगराई पसरली ती त्याच्या घाणीनं. एकाच किल्लीनं सगळी कुलुपं! तिसऱ्या भागात येईपर्यंत शंकराचं नवल संपलं होतं, उरली होती ती एका कारखान्याची चौकशी.

चमत्कार काढून टाकले म्हणून मी रागावलोय, असं मुळीच समजू नकोस. इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातली माणसं माणसं म्हणूनच बघितली. खांडववन जाळल्याचा जाब कृष्णार्जुनांना विचारला. तो वाचून अजून झोप उडते, कारण बाई प्रश्न मिटवून टाकत नाहीत. अमीश प्रत्येक ‘कसं’चं उत्तर देतो आणि त्या गडबडीत ‘का’ मागं पडतं.

तू लहानपणी बाबांचं बोट धरून गाभाऱ्यात उतरायचीस. ती अरुंद, खडी उतरण, खालचा उकाडा, घामेजलेली माणसं, बेलाचा नि दुधाचा वास, डोक्याला टेकेल असं छत. तिथं तुला कुणी काही समजावलं नव्हतं. वर आल्यावर बाबांनी नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची गोष्ट सांगितली, तर तू विचारलंस, एवढं दगडाचं देऊळ फिरेल कसं? बाबा म्हणाले, ‘नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, मागं जा म्हणाले, म्हणून फिरलं.’ तुझं समाधान झालं होतं, बेबी. शिंप्याच्या घरच्या भक्ताला दारातून मागं पाठवलं, हा अन्याय तुला कळला होता. अमीशच्या नागांचं दुःख हेच तर आहे! मग औंढ्यात तुला काय कळलं नव्हतं?

काळजी मात्र तुझ्या पोराची वाटते. परवा फोनवर मोठ्या ऐटीत म्हणाला, ‘देवगिरी मेलुहाची राजधानी होती.’ अरे, आपली देवगिरी यादवांची! आपल्या देवळाच्या तळच्या काळ्या दगडातलं कोरीवकामही त्याच यादवकाळातलं, वरचं पांढरं शिखर अहिल्यादेवींच्या वेळचं. अमीशनं कादंबरी लिहिली, इतिहास नाही, हे त्याला कुणी सांगितलं का? तू तरी सांगितलंस का?

तिसरा भाग आत्ता देऊ नकोस. सतीचा तो शेवट आणि त्यापायी अख्खं शहर जाळणारा शिव बारा वर्षांच्या मुलाला झेपायचा नाही. श्रावणात त्याला इकडे घेऊन ये. सोमवारी नको, गर्दीत चेंगरेल, मधल्या वारी ये. गाभाऱ्यात तूच घेऊन उतर आणि खाली काही समजावत बसू नकोस. वर आल्यावर तो काय विचारतो ते मला ऐकायचं आहे.

तुझा,
मामा