दुखणं उलटण्याआधी

तिचं डावं मनगट हातात घेतलं की अजूनही माझी बोटं नाडी शोधत राहतात. तिथे काहीच लागत नाही. उजवीकडे लागते, पण दबकी. म्हणून रक्तदाब मांडीवर घ्यायचा. वय सव्वीस, शाळेत शिकवते. आजार ताकायासू आर्टरायटिस, म्हणजे महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतीला येणारी सूज. 1908 साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतले विचित्र बदल नोंदवले, त्यावरून हे नाव. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्याही पुष्कळदा सापडतात. कित्येक मुली माझ्याकडे पोचतात त्या कोवळ्या वयात चढलेल्या रक्तदाबामुळे.

"डॉक्टर, स्टिरॉइड कधी सुटणार हिचं?" आई दर खेपेला विचारतात. विचारणारच. गोळ्यांनी पोरीचा चेहरा गोल झालाय, घरात लग्नाचं बोलणं चाललंय.

ताप नाही, रक्तातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या नॉर्मल. एवढ्यावर मी विसंबत नाही. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने 1994 मध्ये 60 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आजार शांत आहे असं धरून ज्यांची बायपास झाली, त्यांच्या धमनीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर 44 टक्क्यांत सूज जिवंत होती.

म्हणून पेट स्कॅन. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. सुजेतल्या पेशी ते अधाशासारखं ओढून घेतात आणि पडद्यावर धमनीची भिंत काळी उमटते. हे फ्लोरिन 110 मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे सगळं घड्याळ लावून. किमान सहा तास उपाशी, इंजेक्शननंतर तासभर तरी शांत पडून. मग न्यूक्लिअर मेडिसिनच्या सहकाऱ्यांशेजारी बसून आम्ही भिंतीची छटा यकृताशी ताडतो. यकृतापेक्षा फिकी असली तर 1, तितकीच असली तर 2, गडद असली तर 3. नऊ जागांची बेरीज जास्तीत जास्त 27. याला पेटव्हास म्हणतात.

2018 मध्ये त्याच अमेरिकन संस्थेतल्या पीटर ग्रेसन यांच्या गटाने दाखवलं, की लक्षणं शांत असतानाही 20 किंवा अधिक गुण असलेल्यांपैकी 55 टक्क्यांचं दुखणं पुढे उलटलं, कमी गुणवाल्यांपैकी 11 टक्क्यांचं. मात्र शांत रुग्णांच्या स्कॅनपैकी 58 टक्के 'सूज आहे' असंच सांगत होते. प्रत्येक काळ्या भिंतीवर औषध वाढवलं तर आपण पोरींची हाडं ठिसूळ करू. त्याआधी, 2006 मध्ये, बेल्जियममधल्या लूव्हनच्या डॉक्टरांनी जायंट सेल आर्टरायटिस या म्हातारपणीच्या जुळ्या आजाराचे 35 रुग्ण तपासले. तिथे स्कॅनवरून पुढचं काही सांगता आलं नव्हतं. शिवाय स्टिरॉइडने भिंतीचा काळेपणा उतरतो, सूज पुरती गेलेली नसली तरी.

तिचे गुण भरले 19. एकोणीसला निर्धास्त व्हायचं आणि वीसला घाबरायचं, हे मला पटत नाही. आपल्या देशातल्या संधिवाततज्ज्ञांनी बनवलेला आयटास 2010 हा तक्ता फक्त गेल्या तीन महिन्यांत नव्याने उद्भवलेल्या किंवा वाढलेल्या गोष्टी मोजतो. त्यात ती शून्यावर. तिचं स्टिरॉइड, प्रेडनिसोलोन, साडेसात मिलिग्रॅमवरून पाचवर आणलं, अझाथायोप्रीन या दुसऱ्या औषधाला हात लावला नाही. आईंना म्हटलं, "बंद नाही, कमी करतोय."

निघताना उजव्या गळ्याच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवला. अरुंद धमनीतून रक्त घसटत जाण्याचा आवाज मागच्या खेपेइतकाच होता. तसं केसपेपरवर लिहिलं, आणि खाली तीन महिन्यांनंतरची तारीख.