दाराचे रबर

बदलीच्या नोकरीत जन्म घालवलेल्या माणसाला वस्तूंचा लोभ राहत नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ज्याचे बिऱ्हाड दर तीन-चार वर्षांनी ट्रकात चढते, त्याच्या मनात आपल्या चीजवस्तूंची एक नोंदवही कायमची उघडी असते. कोणत्या गावी काय फुटले, कोणत्या गावी काय हरवले, हा जमाखर्च तो सेवानिवृत्तीनंतरही विसरत नाही. आमच्या या वहीत जयपूरच्या पानावर गेल्या दिवाळीत एका मोत्याच्या कुडीची नोंद झाली. 'हरवली' या सदरात ती मांडताना शेजारच्या रकान्यात आम्ही मनातल्या मनात एका माणसाचे नावही लिहून टाकले होते. ते नाव खोडण्याची वेळ कशी आली, त्याची ही हकीकत आहे. आणि तिचा आरंभ एका रबरी कड्यापासून होतो.

फाल्गुनातल्या एका सकाळी आमच्या धुलाईयंत्राने पाणी धरणे सोडले. यंत्र पुढून दार असलेले. कपडे घातले, दार लावले, कळ दाबली, आणि पाच-सात मिनिटांत दाराखालून पाण्याची एक बारीक धार निघून न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. सौ. म्हणाल्या, "अहो, बघा तरी काय झाले ते!" फायलीखेरीज दुसरे काही उघडून पाहण्याची सवय आम्हाला नाही. तरीही पाणी उतरल्यावर आम्ही दार उघडले, खाली वाकलो, आणि यंत्राच्या तोंडाभोवती जे करड्या रबराचे कडे असते त्याच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी चीर आम्हाला दिसली. कंपनीच्या माणसाला बोलावले. त्याने ती चीर दुरूनच पाहिली, नवे रबर यायला तीन आठवडे लागतील असे सांगितले, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा नवे यंत्रच का घेत नाही, असा हितोपदेश करून तो निघून गेला.

ज्या शहरात १९६८ साली सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर यांनी मिळून रबराचा पाय घडवला, आणि तो पाय 'जयपूर फूट' या नावाने देशोदेशी चालू लागला, त्या शहरात एका रबरी कड्यासाठी हात टेकणे आम्हाला कमीपणाचे वाटले. राजापार्कातल्या एका गल्लीत धुलाईयंत्रे दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत, असे दूधवाल्याकडून कळले. ते दुसऱ्याच दिवशी सायकलीवरून आले. नवे रबर त्यांनी स्वतःच बाजारातून आणले होते. किंमत दीड हजार रुपये.

काम चालू असताना शेजारी मोढा घेऊन बसण्याची आम्हाला हौस, आणि मिस्त्रींना समजावून सांगण्याची. या यंत्राच्या पोटात दोन पिंपे असतात, एकात एक. आतले भोकाभोकांचे, ते कपड्यांसह फिरते. बाहेरचे पाणी साठवते. बाहेरचे पिंप वर स्प्रिंगांना टांगलेले असते आणि यंत्र सुरू झाले की ते चहूबाजूंनी हेलकावे खाते. यंत्राची पत्र्याची पेटी मात्र जमिनीवर अढळ उभी. या हलणाऱ्या पिंपाला आणि न हलणाऱ्या पेटीला जोडणारे जे भात्यासारखे घडीदार कडे, तेच हे रबर. त्याची एक कड पिंपाला, दुसरी पत्र्याला. दोन्हीकडचे ओढणे-ढकलणे त्याने सोसायचे आणि वर पाण्याचा थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. हे ऐकून आम्हाला त्या रबराविषयी एकदम बंधुभाव वाटला. वर मंत्रालय आणि खाली जनता अशा दोन कडांमध्ये ज्याने तीस वर्षे काढली आहेत, त्याला या जागेची कल्पना देण्यासाठी मिस्त्रींची गरज नव्हती.

हे रबर झाडाच्या चिकाचे नसते. एथिलीन आणि प्रोपिलीन यांपासून केलेले ते कृत्रिम रबर असते, आणि उष्णता व साबण ते बराच काळ सोसते. पण जयपूरचे पाणी आणि जयपूरची धूळ यांपुढे तेही थकते. आमच्या नळाला टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरील बिसलपूर धरणाचे पाणी येते. ते शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून येत असल्यामुळे कधी कधी येतही नाही. मग बोअरवेलचे जड पाणी यंत्रात जाते आणि रबराच्या घडीत क्षारांचा पांढरा थर धरतो. वैशाखातल्या आंधीनंतर कपड्यांतून जी बारीक वाळू येते, तीही त्याच घडीत बसते. धुणे झाल्यावर घडीतले पाणी फडक्याने टिपावे आणि दार थोडे उघडे ठेवावे, म्हणजे रबर दीर्घायुषी होते, असे मिस्त्रींनी सांगितले. तीन वर्षांत ते आम्ही एकदाही केले नव्हते.

मिस्त्रींनी दाराभोवतीची स्प्रिंग लावलेली तार उचकटली आणि रबराची बाहेरची कड पत्र्यापासून सोडवली. मग यंत्राचे तोंड उघडून, पिंपाला आवळणारे आतले कडे सैल केले आणि ते रबर सबंध बाहेर काढून आमच्यासमोर फरशीवर उलटे केले. घडीतून काळपट गाळ निघाला, एक रुपयाचे नाणे निघाले, शर्टाचे एक बटण निघाले. मग चिरेपाशी काहीतरी अडकलेले त्यांनी चिमटीत धरून सोडवले आणि म्हणाले, "लो साहब, चोर पकड़ा गया. इसी काँटे ने रबड़ काटा है."

त्यांच्या तळहातावर कुडी होती. सात मोत्यांपैकी दोन काळवंडलेले, मागचा मळसूत्री काटा वाकलेला. आमच्या मातुःश्रींनी सुनेच्या लग्नात स्वतःच्या कानांतून काढून दिलेल्या जोडातली ती एक.

आता रकान्यातल्या त्या नावाविषयी सांगितले पाहिजे. जयपुरात आल्यापासून आमच्याकडे एक बाई धुणेभांडी करीत. मुले त्यांना मावशी म्हणू लागली, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांचे गाव टोंककडचे, म्हणजे पाणी जेथून येते त्याच बाजूचे. यंत्र घरात आले तेव्हा धुणे त्यांच्याकडून गेले आणि तेवढा पगारही कमी झाला. त्या काही बोलल्या नाहीत. गेल्या भाऊबीजेच्या रात्री सौ.नी कुड्या काढून उशीजवळ ठेवल्या. सकाळी एकच सापडली. मधल्या काळात चादरी-अभ्रे यंत्रात जाऊन धुऊन निघाले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. मावशी त्याच सकाळी लवकर येऊन भांडी उरकून गावी गेल्या, एवढेच ध्यानात राहिले. चार दिवसांनी त्या परतल्या तेव्हा आम्ही त्यांना काहीही विचारले नाही. हा आमच्या मते सभ्यपणा होता. पहिल्या तारखेपासून कामाची गरज नाही, एवढेच सांगून हिशेब चुकता केला. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि पदर सावरून त्या गेल्या.

काही मोजके अपवाद सोडले, तर दोषारोप कळवल्यावाचून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून आम्हा सरकारी नोकरांना बडतर्फ करता येत नाही. संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाने दिलेले हे अभय आहे, आणि त्याची सारी रीत १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील नियमांत सांगितली आहे. चौकशी अधिकारी म्हणून ते नियम आम्ही इतक्यांदा चाळले आहेत की त्यांची पाने सुटी झाली आहेत. आरोपपत्र बजावले नाही एवढ्याच कारणावरून आम्ही एकदा एक सबंध प्रकरण परत पाठवले होते आणि त्या टिपणीचा आम्हाला बरेच दिवस अभिमान होता. तेच आम्ही, घरात, ज्यांना मावशी म्हणत होतो त्यांना, आरोपही कळवला नाही आणि संधीही दिली नाही. आरोप उच्चारला नाही म्हणून तो केलाच नाही, अशी आम्ही आमची समजूत घातली होती.

मिस्त्रींचे काम पुढे चालूच होते. नव्या रबराच्या खोबणीला त्यांनी पातळ साबण चोळला, वरची खूण बरोबर मध्यावर आणली, पाणी निथळण्याची भोके तळाशी आहेत ना ते बोटाने तपासले, आतले कडे आवळले, यंत्राचे तोंड पुन्हा बसवले, आणि शेवटी बाहेरची तार ताणून जागेवर घातली. रिकामे यंत्र पंधरा मिनिटे चालवले. एक थेंब बाहेर आला नाही. आम्ही पैसे दिले. सौ. आतल्या खोलीत कुडी हातात घेऊन बसल्या होत्या.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे मावशींकडे गेलो. त्यांचे घर आम्हाला ठाऊक नव्हते. तेही दूधवाल्याला विचारावे लागले. जवाहरनगरच्या डोंगराच्या पायथ्याशी कच्ची वस्ती आहे. वाळूच्या टेकाडांवर वसलेले तिचे भाग 'टीला नंबर' अशा आकड्यांनी ओळखले जातात. तेथे एका चढावर, पत्र्याच्या दोन खोल्यांसमोर, मावशी शेगडी पेटवीत होत्या. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवले आणि आम्ही बोलण्यापूर्वीच मुलांची चौकशी केली. सौ.नी कुडी दाखवली आणि त्यांना पुढे बोलवेना. आम्ही सगळे सांगितले. संशय कोणावर घेतला, तेही सांगितले.

"मिल गई, अच्छा हुआ," मावशी म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "आपने पूछा ही कहाँ था, साहब? पूछते तो मैं कहती, मशीन के रबड़ में देख लो. बच्चों के सिक्के वहीं से तो निकालकर ऊपर रख देती थी."

यंत्रावर अधूनमधून एखादे नाणे, एखादे बटण ठेवलेले असे, हे आम्हाला आठवले. ते तेथे कोठून येते, हे आम्ही कधी विचारले नव्हते. आणि दिवाळीनंतर ते यायचे बंद झाले, हेही आमच्या लक्षात आले नव्हते.

सौ.नी त्यांना परत कामावर यायला सांगितले. त्यांनी मान हलवली. आता दुसरीकडे दोन घरे धरली आहेत, म्हणाल्या. राहिलेल्या महिन्यांचे पैसे आम्ही पुढे केले, तेही त्यांनी घेतले नाहीत. निघताना मात्र त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. "एक काम कर दो, साहब," त्या म्हणाल्या, "पास वाली मेमसाब को भी बता देना. उन्होंने मुझे रखते-रखते मना कर दिया था."

शेजारणीला सौ. दिवाळीनंतर काय म्हणाल्या होत्या, ते त्यांनी वाटेत आम्हाला सांगितले. वाक्य अगदी साधे होते, आणि तेही सभ्यपणाचेच: 'ठेवा, पण जरा लक्ष असू द्या.'

चुकीचा आदेश मागे घेताना ज्याला तो बजावला त्यालाच कळवून भागत नाही. त्याच्या प्रती जेथे जेथे गेल्या असतील तेथे तेथे शुद्धिपत्र पाठवावे लागते, हे आम्ही नवशिक्या सहायकांना नेहमी सांगत आलो आहोत. मावशींच्या दारात उभे राहणे कठीण होते, पण तेथे आमचे ऐकून घेणारे माणूस मोठ्या मनाचे होते. शेजारच्या दाराशी तसा भरवसा नव्हता. रात्रीचे साडेआठ वाजले होते. आत दूरदर्शनवर बातम्या चालू होत्या. सौ.नी कुडी मुठीत घट्ट धरली, आणि आम्ही घंटा वाजवली.