कापडावरचं राउंडेल

खऱ्या लढाऊ विमानावर राउंडेल, म्हणजे हवाई दलाचं गोल चिन्ह, कोणी चिकटवत नसे, ते रंगवलेलं असे. स्केल मॉडेलवर मात्र ते पाण्यात भिजवलेल्या कागदावरून सरकून येतं, पारदर्शक फिल्मच्या पातळ पदरावर छापलेलं. अशा छापील चिन्हाच्या, म्हणजे डीकॅलच्या, कामातली सगळी अडचण या एका फरकात आहे. म्हणून डीकॅल लावणं हे रंगकामानंतरचं सुशोभन मानू नये, ते रंगकामच आहे, असं माझं ठाम मत आहे. छापलेल्या चिन्हामागे एक पृष्ठभाग होता, ब्रश धरणारा हात होता आणि वरून कोसळणारं ऊन-पाऊस होतं. या तिन्ही गोष्टी मॉडेलवर दिसल्या पाहिजेत.

१९४४ साली इंफाळच्या लढाईत उतरलेली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनची हरिकेन विमानं घ्या. अर्जन सिंग तेव्हा या स्क्वॉड्रनचे प्रमुख होते. या विमानांच्या राउंडेलमध्ये लाल रंग नव्हता. जपानी विमानांवर लाल गोळा असे, त्यामुळे आपल्याच तोफांचा आणि वैमानिकांचा घोटाळा होऊ नये म्हणून आग्नेय आशियाच्या आघाडीवर तो काढून टाकला होता. उरल्या होत्या दोन निळ्या छटा, आत फिकी आणि बाहेर गडद. जुनं चिन्ह जिथे बुजवलं, तिथला ताजा रंग भोवतालच्या उन्हात विटलेल्या रंगाशी जुळत नाही, हे त्या आघाडीवरच्या विमानांच्या फोटोंत अनेकदा दिसतं. राउंडेलभोवती असा किंचित वेगळ्या छटेचा डाग आधी एअरब्रशने दिला नाही, तर डीकॅल कितीही नीट बसलं तरी ते कारखान्यातून आल्यासारखं दिसतं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हरिकेनचे पंख धातूच्या पत्र्याचे, पण कॉकपिटच्या मागचा सांगाडा कापडाने मढवलेला आणि त्या कापडाखाली लाकडी पट्ट्यांचे उभार. पंखावरचं राउंडेल सपाट पत्र्यावर आहे, अंगावरचं मात्र त्या उभारांवरून चढत-उतरत जातं. एकाच कागदावरची ही दोन डीकॅल एकाच रीतीने लावली, तर अंगावरचं डीकॅल दोन उभारांच्या मधल्या खोलगटीवर ताणून बसतं आणि कापड कापड राहत नाही.

त्यासाठीची रीत सर्वांना ठाऊक आहे, तिच्यामागचं कारण मात्र फार थोडे जण लक्षात घेतात. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो. त्याच्या खळग्यांत फिल्मखाली हवा अडकते आणि तिच्यावर उजेड पडला की चंदेरी झाक येते. म्हणून आधी ग्लॉस कोट. मग मायक्रो सेट हे व्हिनेगरसारखा वास असलेलं द्रव पृष्ठभागावर, त्यावर डीकॅल, आणि जागा पक्की झाल्यावर फिल्म मऊ करणारं मायक्रो सोल. या टप्प्यावर फिल्म सुरकुतते आणि हात शिवशिवतो. तेव्हा बोटही लावू नये. सुकताना ती आपोआप ओढली जाऊन उभारांवर आणि खाचांत बसते. अंगावरच्या राउंडेलला मायक्रो सोलचा हात पुन्हा फिरवावा लागू शकतो, पंखावरच्याला बहुधा एकदाच पुरतो. शेवटी सगळ्यावर एकच मॅट वार्निश, म्हणजे चिन्ह आणि छलावरण यांची चमक एक होते.

कोणी म्हणेल, १/७२ च्या मॉडेलवर हे कोणाला दिसणार? डोळा जाडी मोजत नाही हे खरं, पण चमकेतला फरक तो तत्काळ टिपतो. फिल्मची पारदर्शक कड हातभर अंतरावरून दिसते ती त्या चमकेमुळेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रंगच हवा असेल, तर मास्क कापून सरळ रंगवत का नाही? मोठ्या राउंडेलसाठी हे मला मान्य आहे, त्यापुढे डीकॅल नेहमीच दुय्यम. पण ब्रिटिश पद्धतीच्या अनुक्रमांकाची अक्षरं आठ इंच उंच आणि त्यांची रेघ एक इंच जाड असे. १/७२ मध्ये ती रेघ साधारण ०.३५ मिलिमीटर होते, तिचा मास्क हाताने कापणं जवळजवळ अशक्य. तिथे डीकॅलला पर्याय नाही, आणि म्हणूनच ते रंगासारखं बसवणं भाग आहे.

झीज दाखवण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता हवा. बंदुकांच्या तोंडांमागचा काजळीचा पट्टा आणि एक्झॉस्टचा डाग यांना कारण आहे. सगळीकडे सारखे ओरखडे मारायला ते नाही. राउंडेल फिकं करायचं तर त्याच्या शेजारचा रंगही तेवढाच फिका हवा, कारण ऊन दोघांवर सारखंच पडलं.

हरिकेन करायला घ्याल तेव्हा किटमधलं रंगीत चित्र बाजूला ठेवा आणि आधी त्या विमानाचा फोटो शोधा. तो मिळाला नाही, तर त्याच आघाडीवरच्या, त्याच हंगामातल्या दुसऱ्या हरिकेनचा शोधा. डीकॅलचा कागद पाण्यात टाकायची घाई त्यानंतर करा.