जा, पोचवून ये

गिरगाव, लालबाग, परळच्या खोल्या सोडून खाडीपलीकडे आलेली आमची पिढी. १९९२मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली, पुढे ती बेलापूरपर्यंत गेली आणि आमच्या आईवडिलांचे संसार इकडे लागले. आज सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावर मॉल आहे. तेव्हा तिथे मोकळं रान होतं, पावसाळ्यात रात्रभर बेडूक ओरडायचे आणि घराचा हप्ता महिन्याच्या महिन्याला दारात उभा असायचा.

त्या हप्त्यापायी घराघरांत काही ना काही चालायचंच. कुणाकडे साड्यांना फॉल-बिडिंग, कुणाकडे शिकवणी, कुणाकडे एलआयसीची एजन्सी, कुणाकडे पोळीभाजीचे डबे, दिवाळीत चकल्या-कडबोळ्यांच्या ऑर्डरी. आणि मे महिन्यात मसाला.

तुर्भ्याच्या मसाला बाजारातून बेडगी आणि संकेश्वरी पोत्याने यायची. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मिरच्या वाळायच्या. देठं खुडून बोटांची आग झाली की खोबरेल चोळायचं. धणे, दगडफूल, नाकेश्वर भाजल्याचा खमंग ठसका सगळ्या जिन्यात. कांडपावरून डबा आला की त्यात हिंगाचा खडा जायचा, मग अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून अलगद फिरवायचं. जरा रेंगाळलं की भोक, जरा घाई केली की तोंड उघडंच. हे काम मुलांचं, आणि त्यासाठी घरात भांडणं व्हायची.

मग हुकूम सुटायचा, "जा, पोचवून ये." आणि मागोमाग, "पैसे घेऊनच ये हां."

आठवतंय ना? पोचवणं सोपं होतं. पैसे मागताना जीभ टाळूला चिकटायची. "काकू, आईने मसाला दिलाय," एवढं बोलून आपण उंबऱ्याशी तसेच उभे. एक काकू मोजून पैसे देऊन वर लाडू हातावर ठेवायच्या. एक हमखास म्हणायच्या, "पुढच्या महिन्यात देते, सांग आईला." एक तिखट कमी पडल्याचं सांगायच्या, आणि ते घरी येऊन जसंच्या तसं सांगावं लागायचं. आई दोनशे पानी वहीत येणं-देणं मांडायची, पुढच्या खेपेला लवंगी मिरची वाढवायची. करावे-दारावे गावांतल्या मासळीवाल्या मावश्यांना तर वहीही लागायची नाही. कुणाकडे किती राहिलेत, सगळं तोंडपाठ.

गिरगावात १९५९मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, ही गोष्ट आमच्या आया शेजारच्याच खोलीत घडल्यासारखी सांगायच्या.

आता घरोघरी विषय निघतो तो स्टार्टअपचा. १६ जानेवारी २०१६ला 'स्टार्टअप इंडिया' सुरू झालं आणि तेव्हापासून तर जास्तच. आमची पोरं त्यासाठी तयार आहेत का? हुशारीत ती आमच्या कैक पट पुढे आहेत, हे मी मनापासून म्हणते. ॲप बनवतात, बोर्डासमोर उभं राहून न अडखळता बोलतात. त्यांना हप्त्याची झळ लागू दिली नाही, ते बरंच झालं. पण त्याबरोबर पैसे मागायला जायचं ते दारही सुटलं. ते दार किती शिकवतं बघा. 'क्विक हील' या अँटिव्हायरस कंपनीचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, मग पुण्यात छोटं दुकान टाकलं. दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर व्हायरसने बिघडलेले असायचे, म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजयने, त्यावर उपाय म्हणून प्रोग्राम लिहिला. गिऱ्हाईक रोज समोर उभं होतं, म्हणून धंदा कशाचा करायचा ते कळलं. गुंतवणूकदार पुढे कधीही भेटेल, हे शिक्षण मात्र आधी व्हायला हवं. आणि ते घरातूनच द्यायला हवं, "आधी नोकरी, मग काय ते कर," असं म्हणून टाळायला नको.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने यंदा आजीचा मसाला विकायला घेतला आहे. लेबल सुरेख, ऑर्डरी फोनवर. थकलेले पैसे मागायला मात्र ती लाजते. परवा आजीने चपला घातल्या आणि म्हणाली, "चल, मी येते बरोबर. पण बोलायचं तू."