चार शायिकांची खोली : मुलांसह कोचीहून लक्षद्वीपला

आगगाडीच्या डब्यात कुटुंबाला सामावून घेण्याची कला आपल्या देशात घरोघर अवगत आहे. शायिका तीन आणि माणसे पाच असली तरी रात्र पार पडते. धाकटे आईच्या कुशीत, मधले वडिलांच्या पायथ्याशी आणि उरलेले दोन ट्रंकांवर टाकलेल्या वळकटीवर, अशी व्यवस्था कोणी शिकवावी लागत नाही. मुंबई-पणजी आगबोटीच्या काळी डेकवर सतरंजी पसरून सगळे घर एका ओळीत निजत असे, ते याच रीतीने. परंतु हीच सवय सोबत घेऊन एखादे कुटुंब जेव्हा कोचीच्या विलिंग्डन बेटावर लक्षद्वीपच्या जहाजाच्या शिडीपाशी येते, तेव्हा त्याला आढळते की येथील हिशेब निराळा आहे.

येथे प्रत्येक जीव मोजला जातो. सहा-आठ महिन्यांचे बाळसुद्धा. यामागे जुने दुःख आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाले तेव्हा त्यावर बावीसशेहून अधिक माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती केवळ १,१७८ जणांची. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजावर जितकी माणसे, तितक्यांना होड्यांत जागा, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले. म्हणून चार शायिकांच्या खोलीत ‘एक लहानगे काय, आमच्यातच निजेल’ असे म्हणून पाचवा जीव नेता येत नाही. कारकून अडवतो तो कठोर असतो म्हणून नव्हे, हे मनाशी असले म्हणजे शिडीपाशी होणारा पुष्कळसा वाद टळतो.

कोचीहून ही बेटे २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत. बेटागणिक चौदा ते अठरा तास लागतात, म्हणजे एक रात्र समुद्रावर निश्चित. जहाज धक्का सोडते, फोर्ट कोचीची चिनी जाळी मागे पडतात, बंदराचे मुख ओलांडताच पायाखालची जमीन हळूहळू श्वास घेऊ लागल्यासारखी वाटते. मुले कठड्याशी असतात. आईवडिलांनी मात्र हा वेळ खोली पाहण्यात घालवावा, असे माझे मत आहे. सूर्यास्त परतीच्या वाटेवरही दिसतो.

खोल्या वातानुकूलित असतात. कोठे दोन शायिका, कोठे चार. याखेरीज मोठ्या सामाईक दालनातील शायिका असतात. बेटांवरचे रहिवासी पुष्कळदा त्यांतूनच सहज प्रवास करतात. चार शायिकांच्या खोलीत दोन खाली, दोन वर, मध्ये एक माणूस वळेल एवढी वाट. स्नानगृह आतच असेल असे गृहीत धरू नये. तिकीट घेतानाच विचारावे, कारण तीन वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता डुलत्या बोळातून नेणे हे काही सुखाचे काम नव्हे.

‘शायिका’ हा शब्द आम्हा भाषांतरकारांच्या हाती रेल्वेमुळे आला. कागदावर तो शोभतोही. पण जहाजावरील शायिकेला बाहेरच्या कडेने बहुधा जी उंच पट्टी असते, तिच्यासाठी आम्हांला अजून शब्द सापडलेला नाही. तिला आडफळी म्हणू. प्रौढ माणसाला ती पुरते. झोपेत गिरक्या घेणाऱ्या मुलाला पुरत नाही.

आता खरा प्रश्न. खालच्या शायिका दोन आणि त्यांवर हक्क सांगणारी माणसे तीन. आजीचे गुडघे शिडी चढू देत नाहीत. चार वर्षांच्या धाकट्याला वर ठेवता येत नाही. आईला धाकट्याजवळ राहायचे असते. अशा वेळी आपल्या घरांत काय घडते? आजी खाली, आई खाली, आणि ‘मला वरच निजायचे’ असा हट्ट धरणारा धाकटा वर. त्याचा हट्ट पुरवला जातो, कारण तो सर्वांच्या सोयीचा असतो. येथेच चूक होते. घरातील दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावरही सहा वर्षांखालील मुलाला निजवू नये, असा सल्ला जाणकार देतात. आणि घरातला पलंग डुलत नसतो. तेव्हा आजी खाली, धाकटा तिच्या समोर खाली, आणि आई त्याच्या नेमकी वर. हात खाली केला की त्याला तिची बोटे दिसतील. वडील दुसऱ्या वरच्या शायिकेवर. थोरले नऊ-दहा वर्षांचे मूल असेल तर ते वडिलांच्या जागी वर निजू शकते. मग वडिलांनी सामाईक दालनात जावे. हे अनेक गृहस्थांना कमीपणाचे वाटते. का वाटावे, ते मला उमगलेले नाही.

बाळ अंगावर पिणारे असेल तर ही मांडणी मोडते. अशा वेळी आईला खालची शायिका हवीच, आणि परवडत असेल तर दोन शायिकांच्या दोन खोल्या घेणे बरे : एकीत आई, बाळ व आजी, दुसरीत बाकीचे. अर्थात बाळासाठी वेगळा पाळणा मिळेल काय, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. अरुंद शायिकेवर आई आणि भिंत यांच्या मध्ये तान्ह्या बाळाला निजवणे आपल्याला मायेचे वाटते. पण गादी आणि भिंत यांमधील फट, थकलेल्या आईची गाढ झोप आणि जहाजाचे डुलणे ही तीन एकत्र आली की ती जागा बाळासाठी धोक्याची होते.

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी खलाशांची एक जुनी युक्ती उपयोगी पडते. घोंगडीची वळकटी करून गादीच्या बाहेरच्या कडेखाली सारावी. गादी किंचित भिंतीकडे कलते आणि झोपलेला आत राहतो. एक वर्षाखालील बाळासाठी मात्र ही युक्ती वापरू नये.

रात्रीविषयी आणखी थोडे. जहाज डुलते ते मुख्यतः एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर, आणि हा झोका मध्यभागी व खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी जाणवतो. निवड करण्याची संधी असेल तर तीच खोली मागावी. खिडकीचा मोह आवरावा. खिडकी नसलेल्या खोलीत दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही, आणि मूल घाबरून उठते. एक लहानशी विजेरी उशाशी ठेवावी. दाराचा उंबरठा उंच असतो आणि दार जड. ते आपोआप मिटताना लहान बोटे त्यात सापडतात. मुलाच्या मापाचे तरंगजाकीट कोठे आहे, हे निजण्यापूर्वी विचारून, एकदा घालून पाहावे. खेळ म्हणून मुले ते आनंदाने करतात.

मुंबईसारख्या बंदरांतून निघणाऱ्या मोठ्या पर्यटन-जहाजांवर मांडणी थोडी निराळी असते. दोन खाटा जोडून एक करता येतात आणि दोन शायिका दिवसा भिंतीत वा छतात मिटून राहतात, रात्री सेवक त्या उघडतो. दिवसा खोली ऐसपैस दिसते, रात्री पाऊल टाकायला जागा उरत नाही. छायाचित्रे दिवसाचीच असतात. अशा पुष्कळ जहाजांवर सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत, आणि लांबच्या महासागरी सफरींना ही अट एक वर्षाची असते.

पहाटेचा प्रसंग मात्र लक्षद्वीपचाच. बेटाभोवती प्रवाळाचा कडा आणि आत उथळ, शांत, हिरवेनिळे पाणी. त्यामुळे पुष्कळदा जहाज बाहेरच थांबते आणि माणसे लहान होड्यांत उतरतात. खाली होडी वरखाली होत असते आणि खलाशी हात पुढे करून मुलांना झेलून घेतात. अर्धवट झोपेतले मूल अशा वेळी आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारते, सोडता सोडत नाही, आणि मागची रांग खोळंबते. म्हणून उतरण्याच्या तासभर आधी त्याला उठवावे, तोंड धुवावे, काही खाऊ घालावे आणि डेकवर आणून ती होडी लांबून येताना दाखवावी.