उघडी बोटे

हातमोज्याला पाच बोटे असावीत, अशी आपली साधी अपेक्षा असते. त्यामुळे मी क्रोशाने विणलेले मोजे हाती पडले की माणसे आधी त्यांत डोकावून पाहतात आणि मग माझ्याकडे पाहतात. "बोटं विणायची राहिली का हो, बाई?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की आताशा मी रागावत नाही. लोकर संपली, असे सांगून मोकळी होते.

खरे म्हणजे ती बोटे मी मुद्दाम उघडी ठेवते. आमच्या निफाडची थंडी ज्याने सोसली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याच्याही खाली उतरतो. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात; वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. मण्यांची एवढी काळजी! पण त्याच बागांत मण्यांची विरळणी करणारे हातही असतात. घड फार दाट झाला तर मणी फुगत नाहीत, म्हणून नको असलेले मणी लहानशा कात्रीने एकेक कापून काढायचे. या कामाला पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून बायका खाली येतात. कोणता मणी ठेवावा आणि कोणता काढावा, हे बोटांच्या टोकांना कळते. ती टोके झाकली की काम थांबले.

मोजा करणे अवघड नाही. मनगटावर बसेल एवढी साखळी घालायची, तिचे कडे जोडायचे आणि खांबांच्या ओळी गोल गोल चढवत न्यायच्या. अंगठ्यापाशी आले की थोडी साखळी सोडून फट ठेवायची, पुन्हा चार ओळी आणि काठाला मुका खांब. फट कडेला असल्यामुळे डावा-उजवा भेद राहत नाही. दोन संध्याकाळींत जोडी होते.

'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी लहानसा आकडा. दोन सुयांवरच्या विणकामात साऱ्या ओळीचे टाके सुईवर जिवंत असतात, इथे एकच. तो सोडून धागा ओढला की सगळे काम सरसर उसवते आणि लोकर होती तशी हातात येते. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला याचा हेवा वाटतो. फसलेल्या प्रकरणाची पाने फाडली तर हाती काय येते? कागदाचे तुकडे.

ही कला म्हणे फावल्या वेळाची. या 'फावल्या' शब्दावर माझा जुना राग आहे. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांकडून क्रोशाची लेस शिकल्या आणि ती लेस समुद्रापार जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. घरकाम उरकून तासन्‌तास विणणाऱ्या त्या बायकांना कुणी कामगार म्हणत नसे. त्या फावल्या वेळात काहीबाही करणाऱ्या गृहिणी, म्हणून मजुरीही तशीच! २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मला एका दुकानदाराने माझ्या जोडीची जी किंमत सांगितली तीत लोकर कशीबशी बसत होती. मी बसत नव्हते. तेव्हापासून मी मोजे विकत नाही, देते.

देण्यातही गंमत असते. आपल्याकडे आहेराची वही ठेवतात. अमक्याने पातेले दिले, त्याच्याकडे पातेल्याच्याच तोलाचे जायचे. दोन संध्याकाळी त्या वहीत कशा मांडणार? मग माणसे अवघडतात. माझ्या वहिनीने तिची जोडी डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवली आहे. "इतके सुंदर, वापरायचे कसे?" म्हणते. हे कौतुक मला मुळीच आवडत नाही.

गेल्या पौषात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तिला शाळेत सोडायला आली होती. विरळणीवरचीच बाई. हातांवर थंडीने भेगा पडलेल्या. मी एक जोडी तिच्या हातात दिली. तिने बोटांविषयी काही विचारले नाही. मोजे चढवले, अंगठा आणि पहिली दोन बोटे हवेत दोनदा मिटली-उघडली आणि म्हणाली, "कात्री चालंल."

आठवड्याने ती पालावरच्या आणखी तिघींना घेऊन आली. आपल्यासाठी मोजे मागतील, अशी माझी कल्पना. माझ्याकडे दोनच जोड्या शिल्लक होत्या. मी मनात वाटणी करू लागले.

"मोजे नको, बाई," ती म्हणाली. "सुई कशी धरायची ते दाखवा. लोकर आम्ही आणली."

बाजारातली लोकर, म्हणजे बहुतेक ॲक्रिलिकच. पण रंग असे भडक की व्हरांडा उजळून गेला. चार-पाच संध्याकाळी आम्ही तिथे बसलो. मणी निवडणाऱ्या त्या बोटांनी साखळी पहिल्याच दिवशी पकडली. माझ्या शाळेतल्या मुलींना तिला आठवडा लागतो. तिने स्वतः केलेली जोडी मला दाखवायला आणली तेव्हा डावा मोजा उजव्याहून दोन ओळींनी आखूड होता. मी तो उलटसुलट करून पाहू लागले.

"डाव्या हातात घड धरायचा असतो, बाई," ती म्हणाली. "सकाळचं दव लागतं. काठ भिजला की दिवसभर गार."

आता मी डावा मोजा दोन ओळी आखूडच विणते.